खाऱ्या पाण्याचे दोन खांब

"हा आमचा बाटली धरणारा," साहेब म्हणाले आणि पुलाच्या चौकशी समितीची चारही माणसं हसली.

मी दाराशी मीटरची पेटी घेऊन उभा होतो. एकानं विचारलं, "नाव काय रे?" मी नाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्यानं टेबलावरचा आपला पाण्याचा पेला जवळ ओढून घेतला. मुद्दाम नसेल. अंगवळणी पडलेलं असतं ते. साहेबांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसत बसले. मग अहवाल वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं: "अशिक्षित मजुरांनी आळसापोटी खाडीचे खारे पाणी वापरल्याने तिसऱ्या व चौथ्या खांबातील सळया गंजल्या आहेत."

त्या मजुरांत माझी आई होती. हे साहेबांना माहीत होतं, कारण मीच त्यांना सांगितलं होतं.

एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झालीत. मी अंधेरीला काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. मॅट्रिक झालेला, आमच्या वस्तीतला पहिला. साहेब अमेरिकेत शिकून आलेले. काँक्रीट न फोडता आतल्या सळईचा गंज ओळखायची पद्धत त्यांनी तिकडून आणली होती. खांबावर एकाच जागी सळई उघडी करायची, तिला मीटरची एक वायर लावायची. दुसरी वायर मोरचुदाच्या पाण्यानं भरलेल्या बाटलीला. ती बाटली ओल्या स्पंजावरून खांबावर वीत-वीत सरकवत जायची आणि मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा. वरून खांब गुळगुळीत दिसतो. आकडा आतलं सांगतो.

खाडीवरच्या त्या पुलाची रीडिंगं मी दीड वर्ष घेतली. दर महिन्याला, ओहोटीच्या वेळी, गुडघाभर चिखलात उभं राहून. ओहोटी कधी हे साहेबांच्या पुस्तकात नसायचं. ते मी काढायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तिच्यात सहा तास मिळवायचे. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. साहेबांना याचं फार कौतुक. दुपारी पुलावर बसून ते माझ्या डब्यातली भाकरी मागून खायचे. "तुझ्याएवढा माझ्या कामाला कुणी समजून घेत नाही," म्हणायचे. मला ते खरं वाटलं. घरी बाप नव्हता, आणि या माणसानं हात लावून शिकवलं होतं. मी त्यांच्यावर जीव टाकत होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

आठ खांबांपैकी दोनच खांबांचे आकडे भयंकर होते. तिसरा आणि चौथा. सिमेंट तेच, सळई तीच, खाडीही तीच. साहेब महिनोन्‌महिने डोकं खाजवत होते. एकदा जेवताना मी आईला सहज विचारलं. तो पूल बांधला तेव्हा ती तिथं पाणी वाहायला होती.

आई म्हणाली, "त्या दोन खांबांच्या वक्ताला हीर बंद केली व्हती आमाला."

पहिल्या दोन खांबांचं काँक्रीट कालवायला पाणी गावठाणातल्या विहिरीचं होतं. मग गावातल्या बायांनी पाहिलं, की पाणी शेंदणाऱ्या आमच्या वस्तीतल्या आहेत. आम्ही धर्म बदलून तीन-चार वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. गावानं मुकादमाला बजावलं. मुकादमानं खरं तर दुसऱ्या बाया आणायला हव्या होत्या, नाहीतर टँकर. त्यानं खाडीकडे बोट दाखवलं. आई त्याला म्हणाली होती, "ह्ये पानी घमेल्याला भोकं पाडतंय, आतल्या लोखंडाला काय सोडंल?" तो म्हणाला, "तुला इंजिनेर केलंय का? भर मुकाट." पाचव्या खांबाला टँकर आला, कारण कुणीतरी मोठा साहेब पाहणीला येणार होता.

हे मी साहेबांना पुलावर सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "हे जसंच्या तसं अहवालात यायला हवं," म्हणाले. "आईला सांग तुझ्या." मी मूर्खासारखा घरी जाऊन सांगितलं. आपल्याबरोबर पाणी वाहणाऱ्या चौघींना आईनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांचं म्हणणं जन्मात पहिल्यांदा कागदावर येणार होतं.

समिती गेल्यावर मी साहेबांच्या टेबलापाशी गेलो. "साहेब, हे खोटं आहे."

"समजून घे रे," ते म्हणाले. "पूल बांधणाऱ्या ठेकेदाराचा मेहुणा समितीत आहे. विहिरीचं लिहिलं तर गाव चवताळेल, अहवाल अडकेल, पूल तसाच राहील. मजूर म्हटलं की कुणाला लागत नाही."

"मला लागलं."

त्यांनी रीडिंगची वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर रीडिंग घेणाऱ्याची सही लागायची, तिच्याशिवाय अहवाल पुढे जायचा नाही. कारणाचं ते वाक्य त्यांनी वहीतही उतरवून ठेवलं होतं. सुंदर अक्षरात. "सही कर. पुढच्या वर्षी तुला टेक्निशियन करतो."

मी पेन घेतलं आणि त्यांच्या वाक्याखाली लिहिलं: "आकडे माझे आहेत. वरील कारण खोटे आहे. गावाने विहीर बंद केली, म्हणून मुकादमाने खाडीचे पाणी भरायला लावले. पाणी भरणाऱ्या बाईने त्याला सळई गंजेल असे तेव्हाच सांगितले होते." त्यापुढे आईचं पूर्ण नाव लिहिलं. मग सही केली.

साहेबांनी वाचलं. "हे खोड."

"नाही."

"उद्यापासून तू इथं नसशील."

"मग तुम्ही खोडा, तुमच्या हातानं."

त्यांनी खोडलं नाही. वही कपाटात घातली आणि किल्ली खिशात टाकली. सोमवारी मला कुर्ल्याच्या गोदामात वाळू चाळायला पाठवलं. आकडे कोऱ्या वहीत उतरवून तिच्यावर दुसऱ्या कुणाची सही घेतल्याचं मागाहून कळलं. त्यानं तो पूल पाहिलासुद्धा नव्हता.

आईला सांगणं सगळ्यात जड गेलं. "मंग काय लिवलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही आळशी होता, असं." तिनं पदराचं टोक घट्ट पिळलं. मग म्हणाली, "त्या सायबाला आपल्या घरातलं पुन्यांदा काय सांगू नगंस."

सांगणार नाही. त्यालाच काय, आमचं म्हणणं लिहून घ्यायला आलेल्या कुणालाच आता ते देणार नाही. रविवारी त्या चौघी येताहेत, पाचवी आई. मी फुलस्केप कागद आणि कार्बन आणून ठेवलाय. लिहिणार मी, खाली अंगठे त्यांचे. चार प्रती, समितीतल्या प्रत्येकाच्या नावानं एक, रजिस्टर पोस्टानं. पोचपावतीवर सही घेऊनच पोस्टमन परतेल. तो पूल पडेल त्या दिवशी त्या चौघांपैकी एकालाही, मला माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.