सुकलेलं आणि वाळलेलं

जगातल्या माणसांचे दोनच वर्ग पडतात, वाळलेले कपडे घालणारे आणि नुसते सुकलेले कपडे घालणारे, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. जात, पक्ष, शिक्षण ह्या बाकीच्या भानगडी लोकांनी रिकामपणी काढल्या. माझी रवानगी त्यांनी लग्नाच्या मांडवातच दुसऱ्या वर्गात करून टाकली, कारण मी चिपळूणचा. आमच्या कोकणात कपडे 'सुकत' घालतात आणि त्यांच्या म्हसवडला 'वाळत' घालतात. शब्दांतला हा फरक मला तोवर कधी बोचला नव्हता. अक्षता पडल्यावर त्यांनी आहेराचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि ते माझ्याकडे झुकले. मला वाटलं, सासरा भावनेच्या भरात जावयाला जवळ घेतोय, म्हणून मीही हात पसरले. ते माझी कॉलर हुंगत होते. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना ते अगदी सहानुभूतीने म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस लय, न्हाई?"

म्हसवडला पावसाचं नाव लोक पाहुण्यासारखं काढतात, येतो म्हणाला होता, आला नाही. तिथं धोतर पिळून दोरीवर टाकावं, घरात जाऊन चहा घ्यावा आणि परत यावं, तर ते हातात कडकड वाजतं. अशा गावात वाढलेला हा माणूस फौजेत भरती झाला आणि सरकारने त्यांना उचलून थेट आसामात नेऊन टाकलं. तिथं वर्दी अंगावरच भिजायची, अंगावरच सुकायची आणि सगळ्या पलटणीला नायटे उठायचे. हवालदार होऊन ते परत आले ते बंदुकीच्या गोष्टी घेऊन नव्हे, तर कुबट वासाबद्दलचं आयुष्यभराचं वैर घेऊन. "दुश्मन पुढनं येतो, पाव्हणं," ते मला सांगतात, "कुबट मागनं येतं." सासूबाई गेल्यावर ते सांगलीला आमच्याकडे राहायला आले. घर माझं, हप्ते माझे, पण सासऱ्याने जावयाला पाव्हणं म्हणायची रीत, त्यामुळे त्या दिवसापासून मी माझ्याच घरात पाहुणा झालो. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आबा म्हणते आणि गल्लीही आबाच म्हणते.

आल्या आल्या त्यांनी गच्ची ताब्यात घेतली. दोऱ्या नव्याने बांधल्या त्याही सूर्य कुठून कुठे जातो ते दोन दिवस खुर्ची टाकून पाहून. शर्ट उलटा, कॉलर खाली, पँटचे खिसे कुत्र्याच्या जिभेसारखे बाहेर काढलेले, आणि चादरीची घडी कुठेही दुहेरी पडता कामा नये. ऊन सरकलं की कपडेही सरकत. संध्याकाळी इन्स्पेक्शन. मामा एकेक कपडा उचलत, आधी काखेत हुंगत, मग कॉलरला, मग नेफ्याला, डोळे मिटून क्षणभर थांबत आणि निकाल देत, "वाळलं." किंवा मग, "सुकलंय नुस्तं." सुकलेला कपडा घडी न होता परत दोरीवर जाई. त्या निकालावर अपील नव्हतं. एका श्रावणात माझा एकही शर्ट पास होईना, तेव्हा मी आठवडाभर लग्नातला सफारी घालून कामाला गेलो. मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी काम करतो. तिथले हमाल रोज मला अदबीने विचारायचे, "साहेब, आज काय विशेष?"

हळदीच्या पेढीवरचा माणूस म्हणून माझ्या नाकाला घरात काडीची किंमत नव्हती. मी कधी चुकून म्हणालोच, "मामा, मला तर काही वास येत नाही," की ते माझ्याकडे दयेने बघत. "तुमचं नाक हळदीनं मारलंय. त्यात तुमी कोकणातलं. तुमच्याकडं तर माणसंबी वाळत न्हाईत."

त्यांची खरी लढाई मात्र माझ्या बायकोशी होती. ती त्यांचीच मुलगी, म्हणजे आवाज तोच आणि माघार घेणं ठाऊक नाही. तिने हौसेने वॉशिंग मशीन घेतलं, त्यात टाकायचं वासाचं निळं पाणी आणलं, पंख्याखाली उभं करायला एक स्टँडही आणलं. बाहेर इंग्रजी शाळेत शिकवणारी ही बाई बापाशी भांडताना मात्र थेट म्हसवडला जाऊन पोचते. "आबा, मशीनमधनं निगतानाच कापडं आर्दी वाळल्याली असत्यात!" ती ओरडे. "आर्दं वाळलं म्हंजी आर्दं कुजलं," मामा शांतपणे म्हणत. निळ्या पाण्याचं नाव काढलं की मात्र त्यांचा तोल जाई. "ह्ये म्हंजी मढ्याला पावडर लावल्यागत हाय!" आमच्या हॉलमधून ते स्टँड, त्यावरच्या सगळ्या कपड्यांसकट, जिन्याने गच्चीवर नेताना मी त्यांना कितीदा पाहिलंय. बायको वर जाऊन ते खाली आणी. स्टँडची एक टांग ह्या प्रवासातच मोडली. मी दोघांनाही बरोबर म्हणायचो, त्यामुळे दोघंही मला कुचकामी समजायची.

पण ह्या नाकाला एकदा सगळ्या गल्लीने मुजरा केला. त्या वर्षी कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. आमच्या पायऱ्यांशी येऊन थांबलं, पण पलीकडच्या घरांत कपाटं बुडाली. पाणी ओसरल्यावर जो तो साड्या, रजया, स्वेटर कवटाळून रस्त्यावर उभा. काय ठेवायचं आणि काय फेकायचं, कुणाला कळेना. सगळ्यालाच पुराचा वास. मामांनी गच्चीत खुर्ची टाकली आणि बोलावलं सगळ्यांना. लोक रांगेने कपडे आणत होते आणि मामा हुंगून सांगत होते, "ह्ये टाका. ह्ये ठिवा. ह्येच्यात जीव हाय अजून." समोरच्या पाटीलकाकू लेकीच्या लग्नासाठी घेतलेला शालू घेऊन रडत आल्या. मामांनी तो नाकाला लावला आणि बराच वेळ बाजूला केला नाही. "रडू नगासा. ह्येच्यात पाणी शिरलंय, कुबट न्हाई. चार दिस सावलीत वाळवा." शालू वाचला. लेक तोच नेसून बोहल्यावर चढली. तेव्हापासून थंडी सुरू झाली की पाटीलकाकूंच्या रजया आधी आमच्या गच्चीवर येतात, मामांच्या नाकाखालून जातात आणि मगच त्यांच्या घरात अंगावर घेतल्या जातात. मामा त्या दिवसांत जिना उतरतात तेसुद्धा परेडला निघाल्यासारखे. गाव सुटलेलं, बायको गेलेली, शेत पुतण्या बघतो. लेकीच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं काय असतं? त्यांच्याकडे गच्ची होती आणि नाक होतं.

मागच्या दिवाळीत त्यांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, मामा पुन्हा गच्चीवर रुजू झाले. मार्गशीर्षात ढग आले आणि अवकाळीची भुरभुर लागली, नेमका तेव्हाच कराडला माझ्या चुलत मेव्हण्याचा साखरपुडा निघाला. माझा रेशमी कुडता धुऊन दोन दिवस जिन्यात लटकत होता. मामांनी तो हुंगला, काखेत, कॉलरला, डोळे मिटून. "वाळला. कडक." मी निर्धास्त झालो. जिथं मामांचा शिक्का पडला तिथं शंका कसली?

आष्टा मागे पडेपर्यंत गाडीत काही जाणवलं नाही. मग ऊन आलं, अंग तापलं आणि कुडता जागा झाला. बायकोने काच वर केली, म्हणाली, साखर कारखान्याच्या मळीचा वास येतोय. गळिताचे दिवस, मलाही पटलं. पेठनाका गेला, कारखाना मागे राहिला, मळी मात्र आमच्याबरोबर निघाली. तिने काच खाली केली. मी गाडी चालवत होतो, तिने मागच्या सीटवरून हळूच माझ्या खांद्याशी नाक आणलं आणि झटक्यात मागे घेतलं. माझ्या शेजारच्या सीटवर मामा मजेत बसले होते. "आबा, तुमाला कसला वास येतोय का?" तिने विचारलं. "कसला?" मामा म्हणाले. "मला तर काय यीना. हवा झक्कास हाय." आरशात आम्हा नवराबायकोची नजरानजर झाली. जो माणूस मांडवात चिपळूणचा पाऊस कॉलरवरून ओळखतो, तो हातभर अंतरावर बसून हे म्हणत होता.

कार्यालयात माझी पुरती शोभा झाली. फेटा बांधणाऱ्याने माझा फेटा श्वास रोखून बांधला, त्यामुळे तो कानावर आला. मी ज्या ओळीत बसलो ती ओळ हळूहळू रिकामी झाली. कुणाला फोन आला, कुणाला पाणी प्यायचं होतं. मुलीकडच्या एका म्हाताऱ्या काकूंनी तर खुर्चीखाली उंदीर मेलाय का म्हणून वाकून पाहिलं. माझ्याजवळ शेवटपर्यंत एकटे मामा बसले, खांद्याला खांदा लावून. येईल त्याला ते अभिमानाने सांगत होते, "आमच्या पाव्हण्यांचा कुडता बगा. मी सोता वाळिवलाय." लोक मान हलवून लांबूनच कौतुक करत होते. मला हसू येत होतं आणि उठून जाववत नव्हतं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता बायको विजयाची गुढी उभारणार. मशीन हॉलमध्ये आणून त्याची पूजा घातली असती तरी मी चकार शब्द काढला नसता. तिने कुडता गुपचूप बादलीत टाकला आणि दार लोटून मला म्हणाली, "आबांना ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये." दुसऱ्या दिवसापासून घरात नवीनच नाटक सुरू झालं. मामा गच्चीवर यायच्या आधी ती सगळे कपडे हुंगून येई, मग खालून मुद्दाम ओरडे, "आबा, त्या निळ्या चादरीला कसला घाण वास मारतोय! काय लक्ष हाय का न्हाई तुमचं?" वरून तितक्याच जोरात उत्तर येई, "म्हाईत हाय मला! म्हणूनच ठिवलीया दोरीवर!" आणि ती चादर परत दोरीवर पडल्याचा आवाज येई. भांडण पूर्वीसारखंच, शब्द पूर्वीचेच. पाटीलकाकूंच्या रजयाही अशाच पार पडल्या. फक्त ते स्टँड कुणी वर नेईना आणि खाली आणीना.

माघात नव्या हळदीची आवक सुरू झाली. ह्या दिवसांत माझ्या अंगाला, केसांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा हळदीचा वास असतो. त्या दिवशी मी लवकर आलो आणि चहासाठी मामांना बोलवायला गच्चीवर गेलो. उन्हं कलली होती. मामा दोरीशी उभे होते, एक टॉवेल नाकाला लावून. मी थांबलो. ते बाजूला घेईनात. काखा-कॉलर नसलेला साधा टॉवेल, पण ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेले आणि परत उलटे आले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "शिमग्याला म्हसवडला जावं म्हंतो, पाव्हणं. तिकडंच ऱ्हाईन. तिकडं कापडं आपआपली वाळत्यात."

"आणि इथलं कोण बघणार?" मी विचारलं.

"आवं, मी तरी काय बगतोय? खालनं पोरगी वराडती आन् मी व्हय म्हंतो." ते वळले. "मला काय कळत न्हाई व्हय? कराडलाच कळलं. माझ्याशेजारी बसायला कुणी तयार हुईना. पयल्यांदा वाटलं, मला भ्यालं. मग तुमचं त्वांड बगितलं."

त्यांनी टॉवेल पुढे केला. "बगा जरा."

"मामा, माझं नाक हळदीनं मारलेलं."

"मारल्यालं हाय, म्येल्यालं न्हाई. बगा."

मी हुंगला. आधी हळदच आली, माझ्याच हाताची. मग साबण. मग त्याच्याखालून दुसरं काहीतरी, आणि काठाशी आलो तेव्हा ते वेगळं झालं, थंड, चिपळूणच्या आमच्या माजघरासारखं. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन्ही वास शेजारीशेजारी मिळाले. मी म्हणालो, "मधे वाळलाय. काठाला नुसता सुकलाय."

मामांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मदला वास कसा येतोय?"

मी पुन्हा नाक लावलं. मला कुठे येतंय वर्णन करायला! "तापलेल्या पत्र्यासारखा," मी म्हणालो. "नाही, तसा नाही. भाकरी तव्यावरून काढल्यावर येतो ना, पिठाचा, तसा. आणि थोडा मातीचा, पण कोरड्या." मामा डोळे मिटून ऐकत होते, निकाल द्यायच्या आधी मिटत तसे. "तुमच्या म्हसवडला बस थांबली की दार उघडल्यावर पहिला येतो, तो."

"व्हय," ते म्हणाले. "त्योच. त्योच असतोय." मग त्यांनी टॉवेल घेतला, काठ पश्चिमेकडे करून दोरीवर नीट पसरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नाक हाय तुमाला. पर कच्चं हाय अजून. लय शिकवावं लागंल." मी विचारलं, "मग शिमग्याचं?" तर म्हणाले, "बगू की. कच्चं नाक टाकून जाता येतंय व्हय?"

आता रोज संध्याकाळी चहाच्या आधी मी गच्चीवर जातो. मामा कपडा उचलून माझ्या नाकाशी धरतात, मी निकाल देतो, ते कधी मान्य करतात, कधी "परत बगा" म्हणतात. वास कसा येतोय ते रोज सांगावं लागतं आणि रोज तेच सांगून चालत नाही. खालून बायको ओरडते, आम्ही वरून दोघंही ओरडतो. काल ऊन उतरल्यावर तोच टॉवेल काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला आणि सवयीने माझ्या कॉलरपाशी वाकले. तसेच थोडा वेळ थांबले. "हळद," ते म्हणाले. त्यांना खरंच वास आला होता, की नुसती पिवळी पडलेली कॉलर दिसली होती, ते मी विचारलं नाही.