आत्याचं चिंगम

"आत्या गेली," असा दादाचा फोन आला तेव्हा मी रडले. तेराव्याला मात्र संताप आला. पंगतीत जो तो हळहळत होता, "शेवटी डोकंच चालत नव्हतं हो बिचारीचं..." चालत नव्हतं, की चालू दिलं नाही?

निर्मलाआत्यानं लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाली आणि हिंदी मुलखातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात माझ्या दादा-वहिनींकडे राहिली. बायकांच्या भजनी मंडळात ती पुढे म्हणायची, बाकीच्या मागून. सगळं तोंडपाठ. सत्तरी उलटली तशी मधलीच कडवी निसटायला लागली आणि ती घाबरली. मग तिचं तिलाच उमगलं, चिंगम चघळत सराव केला की ओळ सापडते. डॉक्टर म्हणाले, चघळल्यानं थोडा वेळ लक्ष टिकत असेलही, पण हे विसरण्यावरचं औषध नव्हे. औषध मागितलं होतं कुणी? तिला पुढची ओळ हवी होती.

पण सराव व्हायचा देवघरासमोर. वहिनी भडकल्या, "आत्याबाई, उष्ट्या तोंडानं देवाचं नाव काहून घेऊन राहिल्या?"

"मले आठवते ना त्यानं! मंडळात चूळ भरूनच गाते मी. तुले काय त्रास आहे?"

त्रास लोक काय म्हणतील याचा होता. चिंगमची पाकिटं कचऱ्यात गेली. आत्या अडखळू लागली, तर मंडळानं तिला न सांगता दुसरीलाच पुढे बसवलं. ती मागे टाळ धरून गप्प... चिंगमनं तिची स्मरणशक्ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण डोकं तिचं, तोंड तिचं! तिनं कसं आठवायचं हे ठरवणारे आपण कोण? देवाची काही तक्रार नव्हती.

तेराव्यानंतर वहिनी आणि मी तिची खोली आवरत होतो. पलंग सरकवला, तर गल्लीकडच्या खिडकीच्या फळीखाली चिंगमचे वाळलेले गोळे, एकाला एक चिकटलेले, कितीतरी. खिडकीबाहेरचा पानठेलेवाला बघत होता.

"दीदी यहीं से लेती थीं," तो म्हणाला. "चबाते-चबाते भजन बोलती थीं. कहती थीं, भैया, घर में मत बताना."

वहिनी सुरी घेऊन खरवडायला वाकल्या. मी ती हातातून हिसकावलीच.

"हात लावू नका! जितके हे गोळे, तितक्या वेळा आठवायला बसली होती ती इथं. एकटी."