तीन तास आभाळात

दुबई ते हैदराबाद अंतर अडीच हजार किलोमीटर, विमानाला वेळ पावणेचार तास. हे मला झोपेतही सांगता येतं. फक्त आता मला कुणी विचारत नाही.

मी बिलोलीचा, भूगोलाचा शिक्षक. घरातला पहिला पदवीधर. अण्णांनी एसटीत कंडक्टरकी करून, डबल ड्यूट्या मारून मला शिकवलं. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की आधी माझ्या हातात येतो. दुबईत बाळंत झालेली बहीण रेखा नवऱ्यासोबत तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती, तर तिकीटही माझ्याच हातात आलं. आईचा हट्ट एकच : विमानतळावर भाकरतुकडा ओवाळून नातवाला पहिल्यांदा मीच घेणार. लातूरच्या विहीणबाईंच्या आधी!

तिकिटावर होतं : सुटणार दहाला, पोचणार सव्वातीनला.

"ही दुबईची वेळ," मी सांगितलं. "आपलं घड्याळ दीड तास पुढं. म्हणजे इथं पावणेपाच!"

अण्णांनी बोटं मोजली. "पावणेचार तासांचा रस्ता. दहाला निघालं तर पावणेदोनला यावं. मग तुझे पावणेपाच कसे? तीन तास आभाळात पंक्चर काढायलेत का?"

"अण्णा, ही एसटी न्हाई! रेखांश असतेत!" मी ओरडलो.

रेखांश ऐकून अण्णांनी मोजलेली बोटं मिटली. (त्यांच्याच पैशांनी शिकलेला शब्द त्यांच्याच तोंडावर मारला!)

पावणेचारला आम्ही हैदराबादच्या अलीकडे चहा पीत होतो. आई घाई करत होती. "बस गं, विमान आत्ता समुद्रावर असंल," असं मी म्हणतोय तोच अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दादा, मी रेखा! उतरलो आम्ही. कुठं हाव तुम्ही?"

"माझी बहीण आभाळात हाय! चोरांनो, गरिबाला फसवायला लाज वाटत न्हाई का?"

"अरे दादा, मीच..."

मी कापला. परत आला. मी नंबरच ब्लॉक केला! अण्णांचाही फोन बंद करायला लावला. (चोर तिकडूनही घुसतील म्हणून.) वर आईला ऐकवलं, "बघ, शिक्षण असलं की माणूस फसत न्हाई."

साडेचारला विमानतळावर पोचलो. फाटकावरचा मराठी शिपाई म्हणाला, "दुबईवालं? सव्वातीनलाच आलं की. तिकिटावर पोचायच्या गावचीच वेळ छापतेत, साहेब."

अण्णांनी माझ्याकडे न बघता फोन चालू केला. लगेच जावयांचा फोन आला. "मामा, अर्धा तास थांबलो. बाळ रडायलं म्हणून लातूरला निघालो. माझं सिम चालेना, म्हणून घ्यायला आलेल्या आमच्या आईच्या फोनवरून रेखानं लावला, तर दादांनी चोर म्हणलं!"

"आन् भाकरतुकडा?" आईने फोन हिसकावला.

"आईनं सँडविच ओवाळलं."

"माझ्या नातवावरून सँडविच!" आईचा आवाज धावपट्टीपर्यंत गेला असेल. "ह्याला शिकवण्यापेक्षा दोन म्हशी घेतल्या असत्या तर निदान वेळेवर दूध आलं असतं!"

मला विहीणबाईंचा राग आला, सँडविचचा आला, तिकीट छापणाऱ्याचा आला. स्वतःचा सोडून सगळ्यांचा आला.

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. आईच्या हातात बाळ आलं ते चौथ्या नंबरवर. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरनंसुद्धा तिच्या आधी घेतलं होतं! आई बाळाला छातीशी धरून रडली आणि मधूनमधून माझ्याकडे बघून दात खात राहिली.

तेवढ्यात बाळ बघायला आलेल्या एका शेजारणीने कौतुकाने विचारलं, "सूनबाईचे भाऊ ना? मास्तर हाव म्हणं. काय शिकवता?"

अख्खी बैठक माझ्याकडे वळली.

मी खाली मान घालून म्हणालो, "चित्रकला."