बिनप्रेक्षकांचा सूड

माझ्या नणंदेवर सूड कसा उगवायचा, याची मी जितकी तालीम केली तितकी कुठल्याही स्नेहसंमेलनाची केली नसेल. आणि भोरच्या शाळेत संमेलनाची नाटुकली बसवण्यातच माझ्या नोकरीची वर्षं गेली आहेत. भाकरी थापताना मी तिला भाऊकीसमोर रडवत असे. कापूरहोळला एसटीची वाट बघत उभी असले की तिने मागितलेली माफी तिच्या आवाजात पुटपुटत असे आणि माझ्या आवाजात ती फेटाळत असे. शेजारच्या बाया जरा लांब सरकून उभ्या राहायच्या.

कारणही तसंच होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दिली किकवीला, पण माहेरच्या पाली गावावरचं राज्य तिने काही सोडलं नाही. राजगडाच्या पायथ्याला आमचं घर, तिथे चुलत पुतणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी मांडवात कासारीण बसली होती आणि एकेक बाई पुढे होऊन हात देत होती. हिरव्या बांगड्यांचा तो किणकिणाट, त्यात हसणं, चिमटे, उखाण्यांचा आग्रह. माझी लेक तेव्हा अकरावीत होती. ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून माझ्यामागे बसली होती.

"अगं, बांगड्या काय कापडावर भरायच्या व्हय?" वन्सं म्हणाल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तिचा हात ओढून बाही कोपरापर्यंत सरकवली.

किणकिणाट थांबला. हातावरच्या जुन्या खुणा सगळ्या मांडवाने बघितल्या.

"आगं बया! ह्ये काय करून घेतलंस गं पोरी?" वन्सं खड्या आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हवतं. आईच्या नाटकांचं लागलंय हिला."

माझी लेक उठली आणि चपला न घालता वाटेला लागली. मी मागे धावले. त्या दिवसापासून ती नातेवाइकांत कुठेही गेली नाही.

त्या खुणांबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्यापुढे बसून परवानगी घेतली आहे. नावं गाळायची या अटीवर तिने ती दिली. मैत्रिणीचं मेसेजला उत्तर आलं नाही की तिला वाटायचं आपल्याला सगळ्यांनी टाकलं. थोड्या वेळाने उत्तर आलं की तीच मैत्रीण देव. राग आला की ताट भिंतीवर, आणि राग ओसरला की उरलेला सगळा स्वतःच्या हातावर. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व म्हणतात तशी काही लक्षणं दिसताहेत. पण वय वाढीचं आहे. शिक्का मारायचा नाही, शिकवायचं." आणि त्यांनी आम्हाला डीबीटी नावाच्या उपचाराकडे पाठवलं.

मला वाटलं होतं पोरीला शिकवतील आणि मी बाहेर बाकावर मासिक चाळत बसेन. कसलं काय! तिथे पोरं आणि आईबाप एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर. रागाची लाट आली की ती उतरेपर्यंत तग कसा धरायचा, गार पाण्याने तोंड कसं धुवायचं, आपल्याला हवं ते न भांडता कसं मागायचं, हे सगळं आम्हीही शिकायचं. शिकवणारी थेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. ती म्हणायची, दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पोरगी जमेल तेवढं करतेच आहे, आणि तिने याहून जास्त शिकायला हवं आहे. मला हे लगेच पटलं. मला सूड हवा होता आणि माझी लेक सुखरूप हवी होती. दोन्ही शंभर टक्के खरं.

अशात वन्संच्या थोरल्याचं लग्न ठरलं.

मी आनंदाने वेडी झाले. कारण आमचे हे नवरदेवाचे मामा! मामा मागे उभा राहिल्याशिवाय आमच्याकडे नवरदेव बोहल्यावर चढत नाही. म्हणजे मामा-मामींनी ऐन वेळी रुसून जानवशात बसायचं. अक्षता वाटून झाल्यात, भटजी घड्याळ बघतायत, बँडवाले तेच गाणं परत परत वाजवतायत. मग आधी पाव्हणे येणार समजूत काढायला, मग वन्संचे मालक, आणि शेवटी खुद्द वन्सं, शालू सावरत, घाम पुसत. मी म्हणणार, "त्या दिवशी मांडवात केलंत ना? मग आता मांडवातच माफी मागा. माईकवर."

हे मी रात्रीच्या जेवणाला अभिनयासकट करून दाखवलं. नवरा आमटीकडे बघत राहिला. बहिणीला तो लहानपणापासून घाबरतो.

लेक म्हणाली, "माईकवर काय म्हणणार आत्या?"

"म्हणणार की पोरीची बाही मी..."

बोलता बोलता मीच थांबले.

"म्हणजे ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनाही कळणार," ती म्हणाली. "आई, तुला सगळ्यांसमोर पाहिजे. मला सगळ्यांसमोरच नकोय."

प्रेक्षक नसलेला सूड! मला तर कल्पनाच करवेना.

तिला काय हवं होतं ते तिने पुढच्या आठवड्यात पुण्याला, गटात सांगितलं. तिला लग्नाला जायचं होतं. हा आतेभाऊ तिचा फार लाडका. दवाखान्याच्या दिवसांत बाकीचे नातेवाईक उपदेशाचे मेसेज पाठवायचे तेव्हा हा एकटा तिला बकऱ्यांचे वेडेवाकडे व्हिडिओ पाठवायचा. त्याच्या हळदीत तिला नाचायचं होतं. पण हळदीआधी बांगड्या आल्या, आणि बांगड्या वन्संच्या अंगणात, वन्संच्या नजरेखाली.

"मग आत्याकडे काय मागशील?" थेरपिस्टने विचारलं.

"मला आत खोलीत वेगळं बसवून बांगड्या भरायच्या. कुणी विचारलं तर आत्यानेच सांभाळायचं."

"करून बघू या. आत्या कोण होणार?"

माझा हात कधी वर गेला ते मलाही कळलं नाही.

मी पदर खोचला, कंबरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि वन्सं झाले. "व्हय गं? आमी आता तुझ्या परवानगीनं हात लावायचा व्हय? लई मोठी लागून गेलीस!" खोलीतले सगळे आईबाप हसून लोळायचे बाकी राहिले. मग मला चेव आला आणि वन्सं जे बोलल्या नव्हत्या तेही मी बोलले. लेकीने हातातली पाण्याची बाटली भिंतीवर फेकली आणि ती बाहेर गेली.

थेरपिस्ट शांतपणे म्हणाली, "तुम्ही जिंकलात. आता तिला जिंकता येईल अशी आत्या करता येईल का?"

मला कुणी भूमिका सुधारायला सांगितलेलं आवडत नाही. पण पुढच्या वेळी मी सुधारली. आधी जरा मवाळ वन्सं, मग थोड्या तिखट, मग रडणाऱ्या, मग छातीवर हात ठेवून मटकन बसणाऱ्या. लेकीने एकच गोष्ट घोटायची होती. समोरच्याचं दुःख असेल ते मान्य करायचं, आणि लगेच आपली मागणी त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा म्हणायची. तबकडी अडकते तशी. घरी भांडी घासताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना मी अचानक वन्सं व्हायचे. कधी ती चिडून निघून जायची आणि दार आपटायची. कधी थेरपिस्टला फोन लावून पाच मिनिटं बोलायची आणि परत यायची. एकदा मी इतकी कडवट वन्सं केली की नवरा दुसऱ्या खोलीतून दचकून म्हणाला, "ताई आली काय गं?" आणि माझी लेक, तिचा चेहरासुद्धा हलला नाही, म्हणाली, "तुम्हाला राग आलाय, दिसतंय मला. आणि मला आत बसवा."

आता माल तयार झाला, असं मला वाटलं.

लग्नाचे गहू निवडायचं निमित्त काढून आम्ही किकवीला गेलो. लेकीची अट होती की मी तोंड उघडायचं नाही आणि समोर बसायचंही नाही. मी स्वयंपाकघरात सूप मांडीवर घेऊन बसले. गहू मी एकही निवडला नाही. कान मधल्या दारापाशी.

"आत्या, पालीला तुम्ही मला न विचारता माझी बाही वर केलीत," लेक म्हणाली. "सगळ्यांसमोर मला खूप लाज वाटली. दादाच्या लग्नाला मला मनापासून यायचंय. बांगड्या भरताना मला आत बसवा, आणि कुणी विचारलं तर तुम्ही सांभाळून घ्या."

वन्संचा आवाज चढला.

"म्या काय तुझ्या वायटासाटी केलं व्हय?"

"तुमचा हेतू वाईट नव्हता असं तुम्हाला वाटतं, ते कळतंय मला. आणि मला आत बसवा."

"ह्ये तुझ्या आईनं पडवून पाठीवलंय!"

स्वयंपाकघरात मी सूप तोंडावर धरलं.

"तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. आणि मला आत बसवा."

मग वन्सं रडल्या. भावाच्या पोरीनं घरात यिऊन असं ऐकवावं, हेच बघायला ऱ्हायले व्हते मी, म्हणाल्या. लेक म्हणाली की तुम्हाला वाईट वाटलं हे मला दिसतंय, आणि मला आत बसवा. मग वन्संचं बीपी वाढलं. लेकीने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, आणि मला आत बसवा.

खरं सांगते, मी पार खूश झाले. ज्या बाईने दोन पिढ्यांना शब्दांनी झोडपलं, तिच्या शिलकीतले शब्द संपत आले होते, आणि समोर एक पोर एका वाक्यावर घट्ट बसून होती. वन्सं माझ्यापेक्षा कितीतरी कच्च्या निघाल्या. छातीवर हात ठेवून मटकन बसणं तर त्यांना साफ जमलं नाही. मी केलेलं जास्त खरं वाटायचं.

"बरं बाई, बसीवते आत!" शेवटी वन्सं म्हणाल्या. "पन आता ती टकळी बंद कर."

परतताना आम्ही फाट्यावरच्या एसटी थांब्यापाशी आलो. लेकीने बाटलीतलं गार पाणी तोंडावर मारलं, ओढणीने पुसलं आणि पायरीवर बसून राहिली. मी न राहवून म्हणाले, "पण माफी मागितलीच नाही त्यांनी."

"मी माफी मागितलीच नव्हती," ती म्हणाली. "मी खोली मागितली होती. ती मिळाली."

माझं मन काही भरलं नाही. एवढी मोठी वन्सं पडली आणि बघायला कोण, तर सूप धरलेली मी एकटी! जानवशातला रुसवा, भटजी, बँड, सगळं माझ्या आत तसंच सजवून ठेवलेलं होतं. पण लेकीने मला बजावून सांगितलं होतं की लग्नात रुसायचं नाही. मग मी सरळ जाऊन हसत जेवणार होते. हे मला किती जड जाणार होतं, ते नाटकवाल्यांनाच कळेल.

बांगड्यांच्या दिवशी वन्संच्या अंगणात भाऊकीच्या झाडून सगळ्या बाया जमल्या. कासारणीने पेटी उघडली. वन्सं उठल्या, माझ्या लेकीकडे न बघता कासारणीला म्हणाल्या, "ह्या पोरीला आत भर. आधी तिला, मंग बाकीच्या." आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या, दार अडवून.

आमच्या चुलतसासूबाईंना ते पचेना. गावातली कुठलीच गोष्ट त्यांना न चघळता पचत नाही. "का गं? हितं काय उजेड कमी पडला? आत का?"

अंगणातल्या माना वळल्या. वन्संच्या ओठांवर शब्द आलेले मला स्पष्ट दिसले. सांगण्याजोगं सगळं त्यांच्याकडे होतं आणि ऐकायला एवढी माणसं. असं अंगण मिळालं आणि त्या गप्प राहिल्या, असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत होते.

"हात तिचा हाय," वन्सं कडाडल्या, "तिला वाटंल तिथं भरंल! तुमाला काय करायचंय, काकू?"

चुलतसासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. वन्संचा चेहरा कडू औषध गिळल्यासारखा झाला. मी ओठ दातांखाली धरून बसले, कारण हसले असते तर सगळं फुकट गेलं असतं.

तेवढ्यात आतून लेकीने हाक मारली. वन्संनी गुडघे आखडून मला वाट दिली. आत खिडकीपाशी ती बसली होती, बाही वर, हात कासारणीच्या हातात. अर्ध्या बांगड्या चढल्या होत्या. कासारीण खाली मान घालून आपलं काम करत होती. माझी लेक मात्र दोन्ही गालांनी हसत होती, तशी मी तिला कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

"ऐकलंस?" ती कुजबुजली.

"ऐकलं."

"आत्या कसली ओरडली काकूआजींवर!" तिने मला जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती कुठल्याही फळ्यावर शिकवलेली नव्हती; ती सरळ माझ्याकडून गेलेली होती. "आई, अजून दुसरा हात राहिलाय. तोवर परत कुणालातरी विचारायला लाव ना."

मी पदर नीट केला, चेहऱ्यावर काळजी आणली, अंगणात येऊन चुलतसासूबाईंच्या शेजारी बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काकू, मलाही काही कळेना बाई. तुम्हीच विचारा ना वन्संना, आत का भरतायत ते."