समोर जुंपलेलं इंजिन

कुठलीही गाडी दुरुस्तीला आली की मिस्त्री आधी तिच्या समोर जाऊन उभे राहायचे. बॉनेट उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही. उजवा तळवा रेडिएटरवर ठेवायचा, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि हळूच विचारायचं, "काऊन बे, रुसला काय?" मग थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. गाडीवाला घाईत असला तर त्याला हा प्रकार सोसायचा नाही. आमच्या खात्याचा रोड रोलर बंद पडला तेव्हा मीही घाईतच होतो. हा माणूस एक तर वेडा असावा नाही तर लबाड, असं मी मनात म्हटलं. रोलर त्याच संध्याकाळी चालू झाला आणि माझं मत मला गुपचूप मागे घ्यावं लागलं.

तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. बांधकाम खात्यात मी नवा कनिष्ठ अभियंता, पहिलीच नेमणूक आर्वीला. गावात ओळख नाही, खानावळीचं जेवण, त्यामुळे रविवार अंगावर यायचा. मिस्त्रींचं गॅरेज गावाबाहेर रस्त्याला लागून होतं, त्याला चिकटून त्यांचं घर आणि घरामागे गुरांचा कोठा. रोलरच्या निमित्तानं मी तिथं जायला लागलो तो पुढे निमित्त नसतानाही जात राहिलो.

त्या कोठ्यात गुरं नव्हती. तिथं एक गाडी होती, आणि तशी गाडी तुम्ही कुठेही पाहिली नसेल. लांबलचक, अरुंद, एखाद्या नाकतोड्यासारखी. दोन लांब पाइपांचा सांगाडा, तेही बोअरवेलमधून काढलेले जुने पाइप. पुढे मोपेडची दोन काटकुळी चाकं, मागे जीपची दोन जाडजूड. इंजिन एका मोडीत निघालेल्या पेट्रोल जीपचं, ते समोर उघडंच बसवलेलं. आणि चालवणारा कुठे बसणार, तर पार शेवटी, मागच्या चाकांच्याही मागे, ट्रॅक्टरच्या लोखंडी सीटवर.

याचं मूळ एका इंग्रजी मासिकात होतं. सेवाग्रामला निघालेल्या कुणा गोऱ्या पाहुण्याची जीप मिस्त्रींनी वाटेत दुरुस्त करून दिली, तेव्हा तो जाताना खुशीनं मासिक ठेवून गेला. त्यात जुन्या काळच्या अशा गाड्यांची चित्रं होती. ती बघूनच त्यांनी काम सुरू केलं होतं, मजकूर मी आल्यावर वाचून दाखवला: दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, पाव मैल सरळ पळवायच्या, जी आधी पोचेल ती जिंकली, बस. मिस्त्री ऐकत होते. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हा त आपला पट झाला, साहेब."

शंकरपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. आमच्याकडे, म्हणजे आता मी आमच्याकडेच म्हणतो, थंडीत गावोगाव बैलजोड्या पळवतात. सरळ आखलेली वाट, हलकी छकडी, तीवर एकच माणूस, आणि सेकंदांचा हिशोब ठेवणारं घड्याळ. वळण नाही, फेरा नाही. मिस्त्रींचे वडील छकडी हाकण्यात नावाजलेले होते. ते गेले, पुढे बैलजोडीही विकावी लागली, आणि कोठा रिकामा झाला. मासिक आलं ते नेमकं त्यानंतर. मिस्त्रींनी गाडी का बांधायला घेतली याचं यापेक्षा वेगळं कारण मला कधी सापडलं नाही, आणि मी फार शोधलंही नाही.

त्याच मासिकात पुढे लिहिलं होतं की समोरचं इंजिन धोक्याचं ठरलं, म्हणून नंतरच्या लोकांनी ते चालवणाऱ्याच्या मागे नेलं. हे मी वाचलं आणि मिस्त्री चक्क रागावले. "बैल मांगं बांधून छकडी चालते काय? आपल्याले कोन ओढून राह्यलं ते दिसाले पाह्यजे." त्याच चित्रात गाडी थांबवायला मागे एक कापडी छत्री उघडलेली होती. ती तर त्यांनी हसण्यावारी नेली. पुढच्या बारीक चाकांना ब्रेक बसत नव्हता, त्यामुळे गाडी थांबवायची सगळी जबाबदारी मागच्या दोन चाकांवर आली.

पाच वर्षं ते काम चाललं होतं, त्यातली शेवटची दोन मी पाहिली. एका रविवारी मी खात्याचं लेव्हल यंत्र घेऊन गेलो, जे नियमात बसत नव्हतं, आणि सांगाडा तपासला. एका टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक निघाला. रस्त्याच्या कामात दोन सुतांसाठी कुणी मान वळवूनही बघत नाही. मिस्त्रींनी पुढचा सगळा भाग कापला आणि नव्यानं जोडला. गाडी पळत नव्हती तरी दर शनिवारी इंजिन पंधरा मिनिटं चालवायचं, प्लग काढून पुसायचे, कार्बोरेटर झटकायचा. उभ्या इंजिनाच्या रिंगा गंजून धरतात, असं ते म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, ही गाडी डोळ्यांसमोर नको असायची. त्या शेतकऱ्याघरच्या. ज्या जागी जोडी बांधलेली असायची त्या जागी तेलाचे डाग पडलेले त्यांना बघवत नसत. गाडी आली तेव्हापासून त्यांनी कोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. चहाचे कप दारापर्यंत आणायच्या आणि उंबऱ्यावर ठेवून वळायच्या. मिस्त्रींना ते लागायचं. मला एकदाच म्हणाले, गाडीचं सगळं जमलं, एवढं एक जमलं नाही.

शेवटी गाडी तयार झाली. मिस्त्रींची इच्छा एकच होती, पुढच्या पटाला सगळ्या जोड्या पळून झाल्यावर आपली गाडी त्या वाटेवरून एकदा पळवायची. ज्या वाटेवर बाप पळाला त्याच वाटेवर. पटाचे पंच म्हणजे जवळच्या गावातले तीन वयस्कर शेतकरी. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण अट घातली. पटाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात, तेव्हा गाडी सरळ पळते आणि जागेवर थांबते हे आधी आम्हाला दाखवा. जागा मी दिली. माझ्या देखरेखीखाली झालेला रस्त्याचा एक सरळ तुकडा पुलाचं काम अडल्यामुळे वाहतुकीला बंद होता. दिवस ठरला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. संध्याकाळी पोरं लाकडी बैल मिरवतील, सकाळी आपण आपला बैल मिरवू, असं मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या त्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. जोडी विकल्यापासून हे त्या घरात बंद होतं. त्या दुपारी मिस्त्री नटबोल्ट आणायला बाजारात गेले होते. डाव्या चाकाचं काम उरकलेलं, उजव्या चाकाचा ड्रम मात्र उतरवून ठेवलेला, आत ब्रेकचे दोन अर्धगोल पट्टे उघडे. ते परत आले तेव्हा वहिनी कोठ्याच्या बाहेर येत होत्या, हातात वाटी, बोटं पिवळी. गाडीच्या नाकावर हळदीची पाच बोटं उमटलेली होती. मिस्त्रींनी हे मला दुसऱ्या दिवशी तीनदा सांगितलं. त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेलेली. त्यांनी उजवा ड्रम अंधारात चाचपून बसवला. एरवी ते अंधारात कामाला हात लावत नसत, पण त्या दिवशी माणूस हवेत होता.

तान्ह्या पोळ्याची सकाळ उघडीप घेऊन आली. तिघे पंच रस्त्याच्या कडेला बसले, पटाचं घड्याळही त्यांनी बरोबर आणलं होतं. वहिनीही आल्या होत्या, जरा लांब, बाभळीखाली. मिस्त्री धोतर सोडून त्या दिवशी पँट घालून आले. त्यांनी इंजिनासमोर उभं राहून तळवा ठेवला, काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मग मागे जाऊन बसले.

गाडी सुटली तेव्हाचा आवाज माझ्या छातीत अजून आहे. तिचं पुढचं टोक जरासं उचललं गेलं आणि मग ती अशी सरळ गेली की मी स्वतः आखलेली रस्त्याची मधली रेघ मला पहिल्यांदा कामाची वाटली. एक पंच उठून उभाच राहिला. खुणेचा झेंडा आला, मिस्त्रींनी ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे फिरली. थेट कपाशीत घुसली. ओल्या काळ्या मातीनं तिला धरलं म्हणून निभावलं. पुढचं एक चाक मोडलं, मिस्त्रींच्या मनगटाचं हाड मोडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर घातलं. वाटभर ते एकच बोलत होते, सरळ गेली होती ना साहेब, थांबेपर्यंत तरी सरळ गेली होती ना.

चार दिवसांनी पंच चौकशीला यायचे होते. त्याच्या आधी कारण शोधायचं म्हणून मी गेलो. मिस्त्रींचा एक हात गळ्यात, म्हणून त्यांनी सांगितलं तसा उजवा ड्रम मी काढला. आतले पट्टे चिकट आणि पिवळे होते. तुपाचा वास आला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक बोट पट्ट्यावरून फिरवलं आणि नाकाशी नेलं.

मग मला सगळं उलगडलं. गाडीचा खांदा कोणता, हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच शोधला होता. सगळा भार जिथं पडतो ते चाक, आणि त्यात ते वाकलेले, खरखरीत, घासून घासून काळवंडलेले पट्टे. बैल जिनं पाळलेत त्या बाईला त्याशिवाय दुसरं काय दिसणार? एका चाकाला ब्रेक लागला, दुसरं निसटलं, गाडी फिरली.

मला तर हायसं वाटलं. गाडीत दोष नव्हता. पट्टे बदलले की काम झालं, पंचांना सांगू, पट हातचा जात नाही. मी हे भराभर बोलून टाकलं. मिस्त्री म्हणाले, "घाला तो ड्रम परत." मी घातला नाही. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "पाच वर्सानं ते कोठ्यात आली, साहेब. हे भाईर पडलं त ते पुन्हा कधी येणार नाई. अन् दर पोळ्याले सारं गाव तिले हसन."

पंच आले. वहिनींनी चहा आणला, या वेळी कोठ्याच्या आत. काय झालं असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, ब्रेक लहान पडला, माझाच अंदाज चुकला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यात वयस्कर होते ते म्हणाले, तुझ्याच अंदाजावर भरवसा होता रे, माणसं बसलेली असतात, आता जमायचं नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात मिस्त्रींचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर आला. तो तिथंच राहिला, पंच फाटकाबाहेर जाईपर्यंत.

गाडी त्यांनी पुन्हा नीट केली, पण पळवली नाही. शनिवारी इंजिन चालायचं, प्लग पुसले जायचे. वहिनी येऊन बसायच्या, हळूहळू पाने-पक्कड हातात द्यायला लागल्या. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची वाटी यायची, आणि मिस्त्री त्या सकाळीच दोन्ही ड्रम घट्ट बसवून ठेवायचे. मला वाईट वाटायचं, चीडही यायची. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं आपला पट सोडावा का? माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. मग बदली झाली आणि मी निघालो.

दहा वर्षांनी एका पाहणीसाठी आर्वीला गेलो तेव्हा गॅरेजला कुलूप होतं. मिस्त्री दोन महिन्यांपूर्वी गेले होते, दुपारी जेवून खाटेवर टेकले ते उठले नाहीत. वहिनी मला कोठ्यात घेऊन गेल्या. शनिवार होता. गाडी स्वच्छ होती, पाइपांना नवा रंग दिलेला. आता इंजिन त्याच चालवायच्या.

"साहेब, एक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गाडी काऊन फिरली? ते म्हनत ब्रेक लहान पडला. मले इतकी वर्सं वाटून राह्यलं, माह्या तुपानं त झालं नसन. त्याईले इचाराची हिंमत नाई झाली."

त्या ब्रेकचं माप मी स्वतः घेतलं होतं, गाडीच्या वजनाचं गणितही मीच मांडलं होतं. ब्रेक लहान नव्हता.

"लहानच होता, वहिनी," मी म्हणालो. "मी मोजला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मग पदरानं हात पुसून त्या म्हणाल्या, "सरका जरा, धूर येते," आणि बटण दाबलं. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. पाइप थरथरायला लागले, कोठा भरून गेला, आणि पार मागे ती लोखंडी सीट एकटीच हलत राहिली. आम्ही दोघं पूर्ण पंधरा मिनिटं तिथंच उभे होतो.