गोळी झाडलीच गेली नव्हती

आमच्या गावच्या हुतात्म्याला गोळी लागली नव्हती. हे मी पन्नास वर्षे बोललो नाही, म्हणून आज बोलतो तर लोकांना माझा संशय येतो. येऊ द्या. मलाही त्यांचा येतो.

गेल्या महिन्यात स्मारक समितीचे अध्यक्ष आणि शाळेतले एक तरुण मास्तर माझ्या ओसरीवर आले. सोबत टाइप केलेला कागद होता. ‘पोलिसांच्या गोळीबारात माझ्या डोळ्यांदेखत त्यांना वीरमरण आले,’ असे वाक्य त्यात माझ्या तोंडी घातले होते आणि खाली सहीसाठी जागा सोडली होती. त्या वेळचा साक्षीदार म्हणून आता मी एकटाच उरलो आहे.

"करून टाका न काका सही," मास्तर म्हणाले. "कोनशिला कोराले टाकाची हाय."

"तू होता काय तिथं?"

"तुमी होते न!"

"म्हणूनच करत नाही."

अध्यक्षांकडे मी मुद्दाम रोखून पाहिले. आम्ही भूमिहीन पोरांनी गायरान नांगरून पेरले, तेव्हा यांच्याच वडिलांनी आमच्या उभ्या ज्वारीत गुरे सोडली होती. बापाच्या चुकीचे परिमार्जन मुलाने करावे, यात गैर काही नाही. पण स्मारकाच्या निमंत्रणपत्रिकेवर हुतात्म्यापेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापणाऱ्या परिमार्जनावर माझा विश्वास बसत नाही.

तरुणपणी मेलेला क्रांतिकारक सगळ्यांच्या सोयीचा असतो. तो सभेत उठून हरकत घेत नाही. आम्ही जगलो, आम्हाला निवडणुका लढवाव्या लागल्या, मिळालेल्या जमिनीच्या बांधावरून भावाभावांत भांडावे लागले, कधी ज्याच्याशी लढलो त्याच्याच जीपमध्ये बसावे लागले. त्याला यातले काहीच करावे लागले नाही. तो माझ्याहून मोठा होता, हे मी आजही मान्य करतो. पण चुकायला लागणारे वय त्याला मिळाले नाही. त्याचे उरलेले आयुष्य मग ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे भरून काढले. गोळी ही त्या भरतीतली पहिली वस्तू.

घडले ते असे. गायरान पेरल्यावर त्याच्या नावाने वॉरंट निघाले. मी त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या मामाच्या शेतातल्या खोपीत लपवले. आठ-दहा दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात नेले तर पकडतील, असे माझे मत पडले. दवाखान्याच्या दारात खरोखर पोलीस बसला होता का, हे पाहायला मात्र मी गेलो नाही.

आमच्या वस्तीने घरातले देव नदीत सोडून तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. नवस गेले, अंगारे गेले. काविळीची माळ तेवढी कोणी सोडली नव्हती, कारण तिला आम्ही देवात धरतच नव्हतो. ते औषध होते. एका वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून केलेले हे कडे रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ते वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर उतरते. आणि माळ उतरली तशी कावीळ उतरली, असे लोक समजतात. प्रत्यक्षात काड्या वाळून आकसतात आणि दोरा सैल होतो, एवढेच. हे मला फार उशिरा कळले. वरवट बकालच्या बाजूला माळ करणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून मीच ती आणली.

"मले नवरदेव केलं काय बे?" मी डोक्यावर माळ ठेवली तेव्हा तो हसून म्हणाला होता.

ती छातीपर्यंत आली त्या सकाळी मी त्याच्या आईला निरोप धाडला की पोरगा बरा होत आहे. दुपारी तो बरळू लागला. दुसऱ्या दिवशी गेला.

फरार पोराचे प्रेत चादरीत गुंडाळून गावात आले, तेव्हा लोकांनीच गोळी ठरवून टाकली. त्याची आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. त्या बातमीने अधिकारी धावत आले, मोजणी झाली, जमिनीचे पट्टे मिळाले. पट्ट्यांसाठी गप्प बसलो, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. त्या सांगण्याचाही मला संशय येतो.

मी सही नाकारली म्हणून समितीने समाजमंदिरात बैठक बोलावली. हुतात्म्याची थोरली बहीण उंद्रीहून आली होती. तिला तिकडेच दिलेली; त्या वेळी ती पोहोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता, त्यामुळे तिच्याजवळही गोळीच होती. तिच्यासमोर मी उभा राहिलो आणि हे सगळे सांगितले.

"वय झालं काकाचं," अध्यक्ष हळूच म्हणाले.

मागून कोणीतरी ओरडले, "पन्नास वर्सं काऊन गप होता बे हा बुढा? आन् माळ कोनं घातली?"

"मी घातली."

"मंग यानंच मारला म्हना न!"

कोणीतरी हसले. बहिणीने हात वर केला, तसे सगळे थांबले.

"भाऊ, दवाखाना किती दूर होता?"

"चार कोस."

"गाडी होती?"

"होती. त्याच गाडीत मंग त्याले घरी आनलं."

ती मास्तरांना म्हणाली, "गोळी खोडा." अध्यक्ष पाहुण्यांचे, छापून झालेल्या पत्रिकांचे सांगू लागले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा तेच दोन शब्द उच्चारले. ती उठली तेव्हा मी आधाराला हात पुढे केला. तो तिने घेतला नाही. भिंत धरून पायऱ्या उतरली.

कोनशिलेवर आता नाव आणि गाव एवढेच येणार आहे. माळ लिहा, असे मी लेखी कळवले. त्याला समिती तयार नाही. उंद्रीला मी दोनदा फोन केला. सुनेने उचलला. सासूबाई झोपल्या आहेत, म्हणाली. दोन्ही वेळा सकाळचे दहा वाजले होते.