टाकीतला हुंकार

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच महिने जे भूत होतं, ते मी होते. ही गोष्ट सगळ्यात शेवटी मलाच कळली.

नव्वद सालच्या आसपास आम्ही परळहून भाईंदरला, या नवघरात राहायला आलो. परळच्या एका खोलीत काका-काकूंसकट नऊ माणसं; इथे तिघांना दोन खोल्या आणि वर आख्खी गच्ची! बिल्डिंगमध्ये घरं बारा, राहती चार. तिसरा मजला पूर्ण रिकामा. संध्याकाळी मिठागरांवरून वारा सुटला की त्या रिकाम्या घरांची दारं आतून कुणीतरी हळूच लोटल्यासारखी मिटायची. मग लाइट जायची. काळोखात आपल्याच चपलांचा आवाज आपल्या मागून यायचा.

परळला मी दर रविवारी एका म्हाताऱ्या वस्तादांकडे दांडपट्टा शिकायचे. इंग्रजी शाळेत गप्प बसणं हा एकच विषय मला उत्तम जमला होता. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. पट्टा हातात असला की निदान बोलावं लागत नाही. निघताना वस्ताद म्हणाले, "पोरी, हाताची सवय मोडू नकोस. रोज दोनशे हात कर."

पण पट्टा वस्तादांचा. मग मी स्वतःच बनवला. खऱ्या पट्ट्याला कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ असते. मी वनस्पती तुपाचा डबा घेतला. आत धरायला आडवं लाटणं ठोकलं, अर्धं कापून. पातं म्हणून भांड्यांच्या कारखान्याबाहेर पडलेली, खोकी बांधायची पत्र्याची लांब पट्टी. ती उलटून तोंडावर यायची, म्हणून तोंडाला पिठाची चाळण बांधली. छातीवर उशी. (शत्रू कुणी नव्हता. हा सगळा बंदोबस्त माझ्यापासून वाचण्यासाठी होता.)

गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी होती. तिच्यात पाणी कधी चढलंच नव्हतं. तिच्या आडोशाला मी रोज तिन्हीसांजेला पट्ट्याचे हात करायचे. घरी सांगायचे, अभ्यासाला चाललेय.

आणि त्याच सुमाराला खाली भूत आलं.

"मोरीच्या नळात कुणीतरी रडतं," आई एकदा जेवताना म्हणाली. "ऊंऽऽऽ करून."

"हवा असेल," बाबा म्हणाले.

"हवा लाटणं नेते? डबा नेते? चाळण नेते?"

बाबांनी आमटी वाढून घेतली. मीही. (वस्तू मी नेल्या होत्या हे मला ठाऊक होतं. पण नळात काही मी रडत नव्हते! म्हणजे भूत खरं होतं, आणि माझ्या चोऱ्या आपसूक त्याच्या नावावर जात होत्या. मी हे फार ताणलं नाही.)

शेजारच्या चंपाबेन दुसऱ्या दिवशी धावत आल्या. "भाभी, हमारे नल में भी रोती है! पाणी नथी, तो पण रोती है!"

भांडी घासायला येणारी हिराबाई जुन्या नवघर गावातली. तिने राखेचा हात न थांबवता सांगून टाकलं, "ती मिठागरावरची बाई हाय. पानी पानी करत गेली. पानी न्हाय मिळालं, म्हनून नळात शिरते."

पाणी न मिळालेली बाई! भाईंदरमध्ये हे कुणालाही लगेच पटण्यासारखं होतं.

मी इतकी घाबरले, इतकी घाबरले, की स्वसंरक्षणासाठी दोनशेचे चारशे हात करायला लागले. भूत दुप्पट रडायला लागलं.

शेवटी आईने ट्रंक बाहेर काढली. "रविवारी टेम्पो सांगा. मी परळला चालले. नऊ माणसांत आडवी होईन, पण या आवाजात नाही." बाबांनी मान हलवली. मला ती खोली दिसली. तिथे हात लांब केला की काकूला लागायचा. पट्टा फिरवणं संपलंच.

शुक्रवारी शेवटचे हात करून घ्यावेत म्हणून वर गेले. लाइट गेलेली. आकाश राखाडी, खाली मिठागरं पांढरी, मध्ये माणूस नाही. जेमतेम शंभर हात झाले आणि जिन्यातून हिराबाईचा आवाज आला, "सुरू झाली बघा!"

मी दचकून थांबले.

"बंद हो गई!" चंपाबेन.

मी हळूच एक हात फिरवला. पात्याचं टोक टाकीला घासलं. रिकामी टाकी घुमली, आणि पट्ट्याच्या सणसणाटात मला आजवर ऐकूच न आलेला तो घुमारा पाइपांतून खाली, घराघरांत उतरला.

"हाय हाय! परत!"

तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा ती रडली. मिठागरावरची बाई चाळण बांधून इथेच उभी होती!

आता सांगायलाच हवं होतं. सांगितलं तर गच्ची जाणार, नाही सांगितलं तर घर. मी डबा काढायला गेले. निघेना. हात सुजून आत घट्ट बसला होता. एका हाताने चाळणीची गाठही सुटेना. तशीच उतरले.

दुसऱ्या मजल्यावर सगळे जमले होते. आईच्या हातात मेणबत्ती. त्या उजेडात वरून तोंडाच्या जागी जाळी असलेलं, पत्र्याच्या हाताचं काहीतरी उतरताना दिसलं, तेव्हा बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो नळातल्यापेक्षा भयंकर होता!

आई तेवढी शांत राहिली. "ती माझी चाळण आहे," ती म्हणाली.

मग मी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. "भूत नाहीये. मी आहे. पट्टा टाकीला घासतो. परळला नको जाऊया."

मग चंपाबेन हसल्या, हिराबाई हसली, आईच्याही ओठांची कड हलली.

आणि वरून, टाकीतून, पाइपांतून आलं: ऊंऽऽऽ...

सगळ्यांनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. तो खालीच होता. माझ्या हातात. स्तब्ध.

"मग वर कोन हाय?" हिराबाईने विचारलं.

याचं उत्तर द्यायला मी तिथे नव्हते. बिल्डिंगमधली एकमेव शस्त्र चालवणारी व्यक्ती सगळ्यांच्या आधी, डबा कठड्यावर आपटत, दोन मजले उतरून गेटबाहेर पोचली होती. गुडघे दुखणाऱ्या चंपाबेन माझ्यामागे पळून आल्या. त्यांनाही मी थांबून हात दिला नाही.

वर गेली ती आई. एकटी, मेणबत्ती घेऊन. पाच मिनिटांनी ती गेटपाशी आली, तेव्हा बाबा माझ्या डब्यात खोबरेल ओतत होते. आईने पत्र्याची एक लांब पट्टी माझ्यापुढे धरली. दुसऱ्या पट्ट्यासाठी आणलेली. तिचा बाक जावा म्हणून मीच, आईने ट्रंक काढायच्या आदल्या दिवशी, विटेचं वजन बांधून ती टाकीच्या पाइपाला टांगली होती, आणि साफ विसरले होते. वारा सुटला की ती टाकीवर घासायची.

"अहो, टेम्पो नका सांगू," आई म्हणाली.

"अगं, पण तूच तर..."

आईने मला चाळणीपासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं. (एकच चप्पल होती. दुसरी जिन्यात.)

"राहू इथेच. जिथलं भूतच एवढं भित्रं, तिथे आपल्याला कोण काय करणार!"